मॅक्रो व्हायरस: इंदूरच्या ऑफिसांतून आणि घरांतून वारंवार येणारे प्रश्न

सियागंजातली दुकानं, सीए मंडळींची ऑफिसं, शाळा, पतसंस्था, गणेशोत्सवाच्या स्मरणिका काढणारी मंडळं अशा ठिकाणांहून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस वापरणाऱ्यांसाठी आहेत. मोबाईल, मॅक आणि लिब्रेऑफिसबद्दल प्रश्न १३ पाहा. बटणांची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, इथे ती देवनागरीत दिली आहेत.

१. मॅक्रो म्हणजे नेमकं काय? आणि त्याचा व्हायरस कसा होतो?

मॅक्रो म्हणजे वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलच्या पोटात ठेवलेला छोटा प्रोग्राम. बिलातली रक्कम आपोआप अक्षरी लिहिणारी एक्सेल शीट तुम्ही पाहिली असेल, ते काम मॅक्रो करतो. हे प्रोग्राम व्हीबीए नावाच्या भाषेत लिहितात आणि त्या भाषेला फाइलबाहेरही हात घालता येतो: डिस्कवरच्या फाइल्स वाचणं, इंटरनेटवरून काही उतरवणं, दुसरा प्रोग्राम चालू करणं, आउटलुकमधून मेल पाठवणं. शिवाय 'ऑटोओपन' किंवा 'वर्कबुक ओपन' अशी ठरावीक नावं दिलेला मॅक्रो फाइल उघडताच स्वतःहून चालतो. या दोन सोयी एकत्र आल्या की व्हायरस लिहायला वेगळं काही लागत नाही.

२. वर्डची फाइल नुसती उघडली तरी व्हायरस लागतो का?

आजच्या ऑफिसमध्ये मॅक्रोच्या बाबतीत नाही. इंटरनेटवरून आलेली फाइल आधी प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडते. तिथे फक्त वाचता येतं, मॅक्रो चालत नाही. वरच्या पिवळ्या पट्टीवरचं 'एनेबल एडिटिंग' दाबलं की लिहिता येतं, पण मॅक्रो तरीही बंदच असतो. त्यानंतर दुसरी पट्टी येते. ती पिवळी असेल तर तिच्यावर 'एनेबल कंटेंट' हे बटण असतं आणि ते दाबलं तरच मॅक्रो चालतो. ती लाल असेल तर असं बटणच नसतं (प्रश्न ५).

म्हणजे व्हायरस आणि कंप्युटर यांच्यामध्ये तुमची एक क्लिक उभी असते. कोणी आधीच सेटिंग बदलून 'एनेबल ऑल मॅक्रोज' करून ठेवलं असेल, तर इंटरनेटवरून आल्याची खूण नसलेल्या फाइलच्या बाबतीत (प्रश्न ५) मात्र तीही उरत नाही. मॅक्रोशिवायही फाइल त्रास देऊ शकते, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. फाइलच्या नावावरून ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी. आधी शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसू द्या: विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू', 'शो' मध्ये आणि विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवर 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा.

ऑफिस २००७ पासून फाइल्सचे दोन गट झाले. शेवटी एक्स असलेल्या, म्हणजे डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स, यांत मॅक्रो साठवताच येत नाही. शेवटी एम असलेल्यांत, म्हणजे डॉकएम, एक्सएलएसएम, डॉटएम, येतो. याखेरीज तीन जागी फसगत होते. एक, जुन्या डॉक आणि एक्सएलएस फाइल्स: त्यांत मॅक्रो आहे की नाही हे नावावरून कळत नाही. दोन, एक्सएलएसबी: शेवटी एम नसला तरी तिच्यात मॅक्रो राहतो. तीन, नाव बदललेली फाइल. डॉकएमचं नाव बदलून डॉकएक्स केलं तर वर्ड ती उघडायला नकार देतो, पण डॉक किंवा आरटीएफ केलं तर मुकाट्याने उघडतो आणि मॅक्रोही तसाच शाबूत असतो. म्हणून 'आरटीएफ आहे, म्हणजे बिनधोक' हा जुना समज सोडून द्या.

४. हे तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे व्हायरस. अजून येतात का?

येतात, फक्त काम बदललं आहे. १९९५ चा 'कन्सेप्ट' वर्डमधला पहिला मोठ्या प्रमाणावर पसरलेला मॅक्रो व्हायरस. तो पडद्यावर एका चौकटीत '१' हा आकडा दाखवायचा आणि पुढच्या फाइल्सना चिकटायचा. १९९६ मध्ये एक्सेलसाठी 'लारू' आला. २६ मार्च १९९९ ला सुटलेला 'मेलिसा' आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच मेल पाठवायचा आणि त्या ओझ्याखाली मोठमोठ्या कंपन्यांना मेल सर्व्हर बंद ठेवावे लागले. ऑफिस २००० पासून वर्ड डिजिटल सही नसलेले मॅक्रो मुळातच बंद ठेवू लागला आणि ही लाट ओसरली.

२०१४ च्या सुमारास मॅक्रो परतला तो दार उघडणारा म्हणून. फाइलमधला मॅक्रो चार-सहा ओळींचा असतो, तो इंटरनेटवरून खरा प्रोग्राम ओढून आणतो. 'ड्रायडेक्स' बँकेचे पासवर्ड चोरायचा, २०१६ चा 'लॉकी' फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागायचा, 'इमोटेट' दुसऱ्या टोळ्यांना आत घ्यायचा. इमोटेटचं जाळं पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये ताब्यात घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू झालं.

५. कधी पिवळी पट्टी येते, कधी लाल. फरक काय?

इंटरनेटवरून फाइल उतरवली की विंडोज तिच्यावर एक अदृश्य खूण ठेवतं, तिला 'मार्क ऑफ द वेब' म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये नियम केला की अशी खूण असलेल्या फाइलमधला मॅक्रो थेट अडवायचा. त्या वेळी लाल पट्टी येते आणि तिच्यावर फक्त 'लर्न मोअर' असतं. खूण नसेल तर जुनी पिवळी पट्टी. ऑफिस २००७ आणि २०१० मध्ये लाल पट्टी नाहीच, तिथे सगळा भार तुमच्या बोटावर आहे.

पण पिवळी पट्टी म्हणजे निर्धोक असं समजू नका. खूण पुसली जाण्याच्या वाटा अनेक आहेत. ती एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते, आणि आपले बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट असतात. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून किंवा कॉलेजच्या लॅबमधून पेन ड्राइव्हवर आलेल्या फाइलवर खूण उरत नाही. सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रामने उघडलेल्या झिपमधल्या फाइल्सवरही ती मूळ सेटिंगमध्ये उतरत नाही. आयएसओ फाइलमधून (सीडी-डीव्हीडीची एका फाइलमधली प्रत) काढलेल्या फाइल्सची हीच गत होती, विंडोजने ती नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये दुरुस्त केली. फाइल कुठून आली हे पट्टीचा रंग सांगत नाही, ते तुम्हालाच माहीत हवं.

६. आयकर आणि जीएसटीच्या एक्सेल युटिलिटीला मॅक्रो लागतातच. लाल पट्टी आली की काम अडतं. सीए साहेबांच्या ऑफिसात सरळ 'एनेबल ऑल' करून ठेवलंय. चालेल?

चालणार नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथूनच होतं. जीएसटीआर-९ सारखं ऑफलाइन टूल असो की आयकराची एक्सेल युटिलिटी, तिच्यातली बटणं मॅक्रोवर चालतात, हे खरं. पण त्या एका फाइलसाठी 'एनेबल ऑल मॅक्रोज' केलं की त्या दिवसापासून 'मार्क ऑफ द वेब' ची खूण नसलेल्या प्रत्येक एक्सेल फाइलमधला मॅक्रो विचारल्याशिवाय चालतो. त्यातून जुलैत आणि डिसेंबरात, रिटर्नच्या घाईत, 'नोटीस', 'रिफंड', 'चलन' अशा नावांची फाइल कोणीही मागचा-पुढचा विचार न करता उघडतो.

बरोबर पद्धत अशी. युटिलिटी फक्त आयकर किंवा जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरून स्वतः उतरवा, पत्ता स्वतः टाइप करून. व्हॉट्सॲपवर आलेली, 'नवीन व्हर्जन आहे, हीच वापरा' म्हणून पाठवलेली घेऊ नका, भले पाठवणारा विश्वासाचा असो. उतरलेल्या झिप फाइलवर उजवी क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' मध्ये 'जनरल' टॅबवर अगदी खाली 'अनब्लॉक' ची चौकट दिसेल, तिच्यावर खूण करून 'ओके' करा. हे झिप उघडण्याआधी करायचं. आधी विंडोजनेच झिप उघडली तर आतल्या प्रत्येक फाइलवर खूण उतरते आणि मग एकेक फाइल सोडवत बसावं लागतं. त्यानंतर एक्सेल उघडली की पिवळी पट्टी येईल, तिथे 'एनेबल कंटेंट' दाबा.

हंगामात रोज पाच-पंचवीस रिटर्न भरत असाल तर 'ट्रस्टेड लोकेशन' करा. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', 'ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज', 'ट्रस्टेड लोकेशन्स', 'ॲड न्यू लोकेशन' या वाटेने जाऊन डी ड्राइव्हवर फक्त युटिलिटीसाठी केलेलं फोल्डर द्या. त्या फोल्डरमधले मॅक्रो न विचारता चालतात, म्हणून डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप कधीही ट्रस्टेड करू नका, आणि सबफोल्डरच्या चौकटीवर खूण करू नका. पक्षकाराकडून आलेली कुठलीही फाइल त्या फोल्डरमध्ये जाता कामा नये. हा नियम मुनीमजींपासून नव्या आर्टिकलपर्यंत (शिकाऊ सीए) सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि 'एनेबल ऑल' आधीच करून ठेवलेलं असेल तर आजच, त्याच ट्रस्ट सेंटरच्या 'मॅक्रो सेटिंग्ज' मध्ये जाऊन 'डिसेबल विथ नोटिफिकेशन' करा.

७. फाइलमध्येच लिहिलंय, 'मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा'. दाबू का?

नाही. तो मजकूर हे एक चित्र असतं, बहुतेक वेळा ऑफिसच्या चिन्हासह, आणि त्याचं काम एवढंच की तुम्ही बटण दाबावं. 'फाइल जुन्या व्हर्जनमध्ये बनवली आहे', 'मजकूर सुरक्षित केला आहे' ही त्याचीच रूपं. नुसता मजकूर दाखवायला वर्डला मॅक्रो लागत नाही. पत्र, बिल, नोटीस, बायोडेटा यांपैकी कशालाच लागत नाही.

सरकारी युटिलिटीच्या पहिल्या पानावरही मॅक्रो चालू करायला सांगितलेलं असतं, त्यामुळे गोंधळ होतो. सूचनेच्या शब्दांवरून निवाडा करू नका. फाइल तुम्ही स्वतः पोर्टलवरून आणली की कोणी तुमच्याकडे पाठवली, एवढंच पाहा.

८. मेल तर आमच्याच जुन्या व्यापाऱ्याकडून आला, आमच्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून. तरी संशय घ्यायचा?

घ्यायचा. मेलिसा पसरला तो ओळखीच्या नावावरच. इमोटेट त्यापुढे गेला: तो एका कंप्युटरवरचे मेल चोरून, खऱ्या चालू बोलण्यालाच उत्तर जोडून फाइल पाठवायचा. विषय तुमचा, खालचा मजकूर तुमचाच, फक्त फाइल परकी. मेलला उत्तर देऊन 'तुम्हीच पाठवली का' असं विचारू नका, खातंच ताब्यात गेलेलं असेल तर 'हो' असंच उत्तर येईल. तुमच्या फोनमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर बोला, मेलखाली दिलेल्या नंबरवर नाही.

९. अँटिव्हायरस आहे, दरवर्षी पैसे भरतो. तो पकडणार नाही का?

जुने, ओळखीचे व्हायरस तो नक्की पकडतो. पण पासवर्ड लावलेली झिप किंवा वर्ड फाइल त्याला उघडता येत नाही, म्हणून पाठवणारे फाइलला पासवर्ड लावतात आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहितात. खरोखर गुप्त फाइल पाठवणारा माणूस पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवतो. पासवर्ड आणि फाइल एकाच मेलमध्ये दिसली की थांबा.

१०. चुकून 'एनेबल कंटेंट' दाबलं गेलं. काळी खिडकी क्षणभर चमकली, बाकी काही झालं नाही. आता काय करू?

'काही झालं नाही' असं वाटणं हेच नेहमीचं लक्षण आहे. मॅक्रो सेकंदाभरात आपलं काम उरकतो, मग वर्डची फाइल डिलीट करून उपयोग नाही. या क्रमाने करा.

पहिलं, नेट तोडा: वायफाय बंद, लॅनची तार बाहेर. बॅकअपची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह त्या कंप्युटरला लावू नका, लावलेला असेल तर काढा. शेअर केलेलं टॅलीचं किंवा दुसरं फोल्डर असेल तर बाकीच्या मशीन्सनाही नेटवर्कवरून वेगळं करा.

दुसरं, वेगळ्या मशीनवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला. सगळ्यात आधी मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. मग बँक, आयकर, जीएसटी. मेलमध्ये 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हेही करा, नाहीतर आधीच उघडलेलं खातं चोराकडे उघडंच राहू शकतं. मेलमध्ये तुम्ही न लावलेला फॉरवर्डिंगचा नियम दिसतो का, तेही पाहा.

तिसरं, 'विंडोज सिक्युरिटी', 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन सुमारे १५ मिनिटं लागतात. हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतो, म्हणून लपून बसलेलं सापडण्याची शक्यता वाढते. तरीही ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर आमचं मत स्पष्ट आहे: डेटा वेगळा काढा, विंडोज नव्याने टाका. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही म्हणजे मशीन स्वच्छ, असं छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. मूळ मेल आणि फाइल पुरावा म्हणून राहू द्या. कंपन्यांसाठी आणखी एक गोष्ट: २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवणं बंधनकारक आहे.

११. प्रत्येक नव्या वर्ड फाइलला मॅक्रो चिकटतोय. अँटिव्हायरस काढतो, पुन्हा येतो.

व्हायरस तुमच्या मूळ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या फाइलच्या साच्यात, बसला आहे. वर्ड दर वेळी 'नॉर्मल' नावाची फाइल वाचूनच सुरू होतो: जुन्या व्हर्जनमध्ये नॉर्मल डॉट, २००७ पासून नॉर्मल डॉटएम. वर्ड आणि आउटलुक पूर्ण बंद करा. विंडोजची कळ आणि आर दाबा, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये इंग्रजीत ॲपडेटा लिहून एंटर करा. 'मायक्रोसॉफ्ट', 'टेम्प्लेट्स' मध्ये नॉर्मल डॉटएम सापडेल, तिचं नाव बदला. वर्ड पुढच्या वेळी नवी, स्वच्छ फाइल करून घेतो. तुम्ही ठरवलेल्या स्टाइल्स, ऑटोटेक्स्ट, शॉर्टकट यात जातील, ते नव्याने करावे लागतील.

एवढ्यावर थांबू नका. 'मायक्रोसॉफ्ट', 'वर्ड', 'स्टार्टअप' आणि 'मायक्रोसॉफ्ट', 'एक्सेल', 'एक्सएलस्टार्ट' ही फोल्डर्सही पाहा, कारण तिथली प्रत्येक फाइल आपोआप उघडते. लारू 'एक्सएलस्टार्ट' मध्येच 'पर्सनल' नावाची फाइल ठेवायचा. मात्र तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेले मॅक्रोही 'पर्सनल' मध्येच असतात, तेव्हा सरसकट डिलीट करू नका. आणि ज्या जुन्या फाइलमधून संसर्ग परत येतोय ती सापडल्याशिवाय हे चक्र थांबत नाही.

मंडळांच्या १९९७ ते २००५ या काळातल्या स्मरणिका, सभासदांच्या याद्या, नाटकांच्या संहिता अशा जुन्या सीडींवरच्या डॉक फाइल्समध्ये त्या काळचे व्हायरस अजून जिवंत सापडतात. अँटिव्हायरस कधीकधी सगळी फाइलच उचलतो आणि मजकूरही हातचा जातो. म्हणून सीडी आधी पूर्ण कॉपी करा. ट्रस्ट सेंटरमध्ये 'डिसेबल ऑल मॅक्रोज विदाउट नोटिफिकेशन' निवडा. मग एकेक फाइल उघडून 'सेव्ह ॲज' करून डॉकएक्स करा. 'व्हीबीए प्रोजेक्ट सेव्ह होणार नाही' असा इशारा आला तर समजा मॅक्रो होता, 'येस' दाबा, तो मागेच राहील. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डॉकएक्स केल्याने युनिकोड होत नाही, तो फॉन्ट मशीनवर असावाच लागतो.

१२. डॉकएक्समध्ये मॅक्रो नसतो, मग ती बिनधास्त उघडायची?

डॉकएक्सच्या पोटात मॅक्रो नसला तरी ती बाहेरचं टेम्प्लेट मागवू शकते आणि मॅक्रो त्या टेम्प्लेटमध्ये असू शकतो. उघडताना खाली सर्व्हरशी संपर्क चालल्याची सूचना दिसली तर बंद करा. काही हल्ले मॅक्रोशिवायच होतात. वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमधलं (गणिती समीकरणं लिहिण्याचं साधन) भगदाड २०१७ मध्ये उघड झालं आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटरच काढून टाकला. मे २०२२ मध्ये उघड झालेल्या 'फॉलिना' नावाच्या भगदाडाला तर 'एनेबल कंटेंट' ची क्लिकही लागत नव्हती. यावर इलाज अपडेट हाच. ऑफिस २०१० चे अपडेट १३ ऑक्टोबर २०२० ला थांबले, २०१६ आणि २०१९ चे १४ ऑक्टोबर २०२५ ला.

१३. मोबाईल, मॅक, गूगल डॉक्स, लिब्रेऑफिस?

अँड्रॉइड आणि आयफोनवरचं वर्ड व्हीबीए मॅक्रो चालवत नाही, गूगल डॉक्सही नाही. संशयित पण वाचणं भाग असलेली फाइल तिथे पाहणं हा चांगला उपाय आहे. तिथून ती पुढे पाठवली तर मात्र समोरच्याच्या कंप्युटरवर ती तितकीच घातक. मॅकवरच्या ऑफिसमध्ये मॅक्रो चालतात. लिब्रेऑफिस काही व्हीबीए चालवतं, त्यात 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'सिक्युरिटी', 'मॅक्रो सिक्युरिटी' मध्ये पातळी 'हाय' किंवा वर ठेवा.

१४. कृतिदेवचं युनिकोड करणारी मॅक्रोवाली फाइल मित्राने दिली. ती ठीक आहे का, हे कसं पाहू?

मॅक्रो बंद ठेवून उघडा आणि ऑल्ट आणि एफ११ दाबा. कोड चालवल्याशिवाय वाचता येतो. फॉन्ट बदलणाऱ्या मॅक्रोत अक्षरांच्या जोड्या आणि शोधा-बदला अशाच ओळी असायला हव्यात. 'शेल', 'क्रिएटऑब्जेक्ट', 'पॉवरशेल', 'यूआरएल डाउनलोड टू फाइल' असे शब्द दिसले किंवा एकेक अक्षर आकड्यांनी जोडून लांबलचक शब्द बनवलेले दिसले, तर फाइल काढून टाका. फुकट दिलेल्या साधनाचा कोड पासवर्डने बंद असेल तर आम्ही तरी वापरणार नाही. उलट, कोड साफ दिसला म्हणून पूर्ण निश्चिंतही होऊ नका. दिसणारा कोड एक आणि चालणारा दुसरा, अशी फाइल बनवता येते.

१५. आमच्याच ऑफिसने बनवलेला मॅक्रो दहा मशीन्सवर लागतो. बाकी सगळे बंद कसे करायचे?

'मॅक्रो सेटिंग्ज' मध्ये 'डिजिटल सही असलेले सोडून सगळे बंद' हा पर्याय घ्या आणि तुमच्या मॅक्रोवर सही करा. ऑफिससोबत येणाऱ्या 'सेल्फसर्ट' ने सर्टिफिकेट करता येतं, पण ते ज्या मशीनवर केलं तिथेच ओळखलं जातं. बाकी नऊ मशीन्सवर ते विश्वासाच्या यादीत घालावं लागेल. मॅक्रोत एक ओळ बदलली तरी सही मोडते, बदलणाऱ्याने पुन्हा करायची.

१६. संशयित फाइल व्हायरसटोटलवर (अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणारी वेबसाइट) टाकून तपासू का?

पक्षकाराचा पॅन, ताळेबंद, रुग्णाची माहिती असलेली फाइल टाकू नका. तिथे चढवलेल्या फाइल्स सुरक्षा कंपन्यांना आणि सशुल्क सदस्यांना मिळतात. त्याऐवजी फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी हॅश नावाची ओळख, काढा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयूटिल', मग 'हॅशफाइल' हा पर्याय आधी एक आडवी रेघ देऊन, मग फाइलचं नाव, शेवटी 'एसएचए२५६', सगळं इंग्रजीत. येणारी ६४ अक्षरं व्हायरसटोटलच्या शोधात टाका. फाइल चढत नाही, आधी कोणी तपासली असेल तर निकाल दिसतो. काहीच दिसलं नाही तर त्याचा अर्थ ती आधी कोणी टाकलेली नाही, एवढाच. मग प्रश्न ८ प्रमाणे फोन करा.